शिवाराची आखणी : प्रत्येक गावाने हाती घ्यावयाचे काम

आमच्या शेतकरी बंधूंच्या तोंडून सांप्रत दोनच तक्रारी ऐकू येतात. पाऊस वेळेवर येत नाही ही एक, आणि आला म्हणजे आवरत नाही ही दुसरी. पूर्वी दुष्काळाचे तालुके निराळे व पुराचे तालुके निराळे असत. आता एकाच तालुक्यास, किंबहुना एकाच शेतास, दोन्ही संकटे भोगावी लागतात. २०१६ साली लातूर शहरास पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात २०२५ सालच्या सप्टेंबर महिन्यात अशी अतिवृष्टी झाली की, उभी पिके तर गेलीच, परंतु कित्येक ठिकाणी पिकांखालची माती देखील खरडून गेली. सीनेच्या काठच्या ज्या गावांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी, त्याच गावांनी पावसाळ्यात होडीची वाट पाहावी, असा हा काळ आला आहे.

ह्या दोन्ही संकटांचा उगम आभाळात आहे, हे खरे. परंतु त्यांची झळ किती लागावी, हे पुष्कळ अंशी जमिनीवर ठरते, असे आमचे मत आहे. माळ उघडा पडला, ओढा बुजला, गायरान गेले, आणि हलक्या रानात उसाचा हट्ट धरला, म्हणजे मध्यम पाऊसही अपुरा होतो आणि मोठा पाऊस घातक होतो. ह्यावर उपाय एकच आहे. शिवारातील कोणत्या जागेचा कोणता उपयोग करावयाचा, हे सर्व गावाने मिळून ठरविले पाहिजे. ते पावसापूर्वी ठरविले पाहिजे. आणि ते कागदावर नोंदवून त्याप्रमाणे वागले पाहिजे. हे बंधन प्रथम आम्हां जमीनधारकांवर येणार आहे, म्हणूनच ते ह्या मासिकातून, जमीनधारकांपुढेच, मांडणे आम्हांस उचित वाटते.

आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. शेतकीशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. तथापि गावनकाशे, आकारबंद व फेरफार ह्यांची पाने उलटता उलटता एक गोष्ट मनावर ठसली. कागदावर गट निरनिराळे असतात, पण पाणी मात्र गटाची हद्द ओळखत नाही. वरच्याने बांध फोडला तर खालच्याची माती जाते. खालच्याने ओढा बुजविला तर वरच्याच्या शेतात पाणी तुंबते. ज्या गोष्टीचे परिणाम सामाईक, तिचा विचारही सामाईकच झाला पाहिजे.

प्रथम पावसाचा हिशेब पाहू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर, अर्थात १० घनमीटर पाणी पडते. ६०० हेक्टरांचे एक मध्यम शिवार धरले आणि त्यावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका दिवसात ६ लक्ष घनमीटर पाणी गावावर उतरते. त्यांतील निम्मे जरी वाहू लागले तरी ते ३ लक्ष घनमीटर होते. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा शेततळ्यात सुमारे २ हजार घनमीटर पाणी मावते. म्हणजे तेवढे पाणी साठविण्यास दीडशे शेततळी लागतील, आणि तीही त्या दिवशी रिकामी असली पाहिजेत. ह्यावरून केवळ खोदकामावर भिस्त ठेवणे कसे अपुरे आहे, हे ध्यानात येईल. पाणी पडल्या जागी मुरविणारी सर्वांत मोठी व सर्वांत स्वस्त जागा म्हणजे सबंध शिवारच होय.

असे दिवस विरळा येतात, त्यांसाठी एवढी धडपड कशास, असे कोणी म्हणेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले, असे त्यात दाखविले आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच पट्ट्यात मोडतो. हवा तापली की ती अधिक बाष्प धरते, आणि धरलेले बाष्प थोड्या वेळात सोडून देते; मध्यंतरी मात्र लांब उघडीप पडते. तेव्हा ज्यास आपण अपवाद म्हणत आलो, तो यापुढे वहिवाट होऊ लागला आहे, असे समजूनच चालणे शहाणपणाचे.

जमिनीचा गुण ओळखून तिचा उपयोग ठरविणे ही काही नवी विद्या नव्हे. इंग्रजी अमदानीत १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट ह्यांच्या हाताखाली जी मोजणी व प्रतवारी झाली, आणि जिचे नियम पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले, तीत शेतोशेत फिरून मातीची खोली मोजली जाई व रंग पाहिला जाई. शिवाय जमिनीचे दोषही नोंदले जात. उतार आहे काय, वाळू किंवा चुनखडी मिसळलेली आहे काय, पाणी मुरत नाही काय, जमीन उपळट आहे काय, वाहत्या पाण्याखाली जाण्याची भीती आहे काय, हे सर्व पाहून प्रत ठरे. त्यात हेतू सारा बसविण्याचा होता. रयतेच्या कल्याणाचा होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु सरकारने सारा घेण्यासाठी जेवढी बारकाईची नजर आपल्या जमिनीवर फिरविली, तेवढी ती राखण्यासाठी आपण फिरवू नये काय?

आता गावाचा जुना नकाशा हाती घेऊन शिवारात फिरावे. नकाशात ओढा पंधरा मीटर दिसतो, जागेवर तो पाच मीटर भरतो. उरलेला दोन्ही काठच्या नांगरांनी दरवर्षी एकेक तास करून पोटात घातला. नकाशात टेकडीवर गवताचा माळ दिसतो. जागेवर माथ्यापर्यंत नांगरट झालेली असून खडक उघडा पडला आहे. नकाशात गायरान आहे. जागेवर कोठे कोणाची पेर, कोठे कोणाची खाण. नकाशात गावाशेजारी उत्तम काळीचे रान आहे. जागेवर बिनशेतीचे प्लॉट पडले असून त्यांचा रस्ता पाण्याच्या वाटेस आडवा गेला आहे, व त्यात ठेवलेली मोरी एवढी अरुंद की, पहिल्याच मोठ्या पावसात पाणी रस्त्यावरून गावात शिरते. ह्यांपैकी प्रत्येक गोष्ट करणारास तिचा लाभ थोडा झाला. सर्वांचा मिळून तोटा मात्र इतका झाला आहे की, एकट्यादुकट्याने तो भरून निघणे शक्य नाही.

तेव्हा आखणी कशी असावी? आमच्या अल्पमतीप्रमाणे माथ्यापासून सुरुवात करून पायथ्याकडे यावे.

माथ्याची जमीन नांगराखाली नसावी. तेथे सलग समतल चर काढून गवत व स्थानिक झाडे वाढवावीत. जनावरे मोकळी न सोडता गवत कापून न्यावे. माथा धरला नाही तर खालचे सर्व बंधारे पाच-सात वर्षांत गाळाने भरतात. कित्येक गावांत नाला खोल करण्याचे काम आधी झाले व माथ्याचे काम राहूनच गेले. अशा ठिकाणी दरसाल गाळ उपसण्याचाच धंदा मागे लागतो.

उताराच्या हलक्या रानात समतल बांध घालावेत, नांगरट व पेरणी उतारास आडवी करावी, बाजरी, हुलगा, तूर अशी कमी पाण्याची पिके घ्यावीत, आणि अगदी बरड तुकड्यांत सीताफळ, बोर, आवळा ह्यांसारखी फळझाडे लावावीत. खालच्या भारी काळीत प्रश्न उलट असतो. तेथे पाणी साचून मूळ कुजते. म्हणून तेथे ढाळीचे बांध व जादा पाणी सुरक्षित बाहेर काढणारे चर हवेत. हीच जमीन रब्बी ज्वारी व हरभरा केवळ ओलीवर पिकविते, आणि अवर्षणात गावास धान्य व कडबा हीच देते. घरांसाठी व प्लॉटांसाठी हलकी पण उंच जागा शोधावी. काळी आई विटांना व प्लॉटांना देऊ नये.

ओढ्यास त्याची मूळ रुंदी परत द्यावी, आणि दोन्ही काठांस एक पट्टा कायम गवत, बांबू, करंज, निर्गुडी ह्यांच्याखाली ठेवावा. त्या पट्ट्यात दरसाल नांगर फिरू नये व घर बांधू नये. गायरान हे अवर्षणातले जनावरांचे कोठार होय. ते राखणे म्हणजे दावणीचा बैल विकावा न लागणे होय.

जमिनीच्या आखणीबरोबर पिकांची आखणी आली; कारण विहिरीचे पाणी हेही सामाईकच आहे. आपल्या विंधनविहिरीत आलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीखालून आलेले असते. ह्या बाबतीत महाराष्ट्रास बाहेरून धडे घेण्याची गरज नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम ह्या नद्यांच्या बंधाऱ्यांवर काही शतके फडपद्धती चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली असे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, एका फडास ऊस, इतरांस हंगामी पिके, व त्यांची पाळी आलटून पालटून. बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात असल्यामुळे पाणी कमी असता एक फड कोरडा ठेवला तरी तो तोटा सर्वांत वाटला जाई. पंच असत, पाटकरी, हवालदार, जागले असत, आणि एकाने हट्टाने आपल्या तुकड्यात निराळे पीक करण्याची सोय नसे.

अलीकडचे उदाहरण पुरंदर तालुक्यातील नायगावचे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्यांनी तेथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्यात पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकरापुरते, व कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते देण्याचे ठरले. भूमिहीनासही वाटा मिळाला. आणि उसास बंदी झाली. तिसरे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, हिवरे बाजारचे. सुमारे ९७७ हेक्टरांचे हे गाव पर्जन्यछायेतले. पाऊस साधारण ४०० मिलिमीटरांच्या घरात. पोपटराव पवार ह्यांच्या पुढाकाराने १९९० नंतर तेथे चराईबंदी व कुऱ्हाडबंदी झाली, डोंगरउतारावर चर निघाले, शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यास मनाई झाली, ऊस व केळी ही पिके वर्ज्य ठरली. पावसाळा संपल्यावर पर्जन्यमापकातील आकडे ग्रामसभेपुढे मांडावयाचे, माणसांचे व गुरांचे पाणी प्रथम बाजूस काढावयाचे, आणि उरलेल्यावर रब्बीचे क्षेत्र ठरवावयाचे, असा त्यांचा परिपाठ आहे. जमाखर्चाची ही रीत प्रत्येक किराणा दुकानदारास ठाऊक आहे. आश्चर्य एवढेच की, पाण्याच्या बाबतीत ती फारच थोड्या गावांस सुचली.

सरकारी बाजूनेही ह्या दिशेने पाऊल पडलेले आहे. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पहिल्या टप्प्यास सुमारे ५ हजार गावे घेण्यात आली. मुंबईच्या आय. आय. टी.च्या साहाय्याने गावाच्या पाण्याचा ताळेबंद काढावा व त्यावरून गावाचा आराखडा तयार करावा, अशी त्यात योजना होती. हा मार्ग योग्य होय. परंतु आमचा अनुभव असा की, आराखड्यातील अनुदानाची पाने सर्वांच्या पाठ असतात आणि निर्बंधाची पाने कोणी उघडीत नाही. ठिबक, शेततळे, अवजारे ह्यांची मागणी होते. ओढ्याची रुंदी परत देण्याची गोष्ट निघाली की सभा पांगते. अर्धा आराखडा म्हणजे नुसत्या जमेचा हिशेब. खर्चाची बाजू कोरी ठेवून ताळा कसा जुळावा?

ह्यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप असा की, जमीन आमची, सातबारा आमचा, तीत काय करावे हे गावाने का सांगावे? ह्यास उत्तर असे की, मालकी हक्क ओढा बुजविण्याचा कधीच नव्हता. नदीनाल्यांचे पात्र कोणाच्याही खात्यावर चढत नाही, आणि आपल्या कृतीने शेजाऱ्याच्या शेताची हानी करण्याचा हक्क कोणत्याही सातबाऱ्यात लिहिलेला नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत गुरचरणासारख्या सार्वजनिक कामासाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. २००९ च्या भूजल अधिनियमाने अधिसूचित क्षेत्रांत विहिरी व पिके ह्यांवर नियमनाचा मार्ग ठेवला आहे. गावच्या सामाईक जमिनीवरील बेकायदा ताबे उठविण्याच्या योजना आखाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सर्व राज्यांस दिला आहे. कायदा आहे, त्यास गावाची इच्छा जोडली गेलेली नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गायरान मोकळे करावयाचे म्हणजे प्रथम भूमिहीनाच्या झोपडीवर किंवा त्याच्या दोन एकरांच्या तुकड्यावर जावयाचे, असा अर्थ कोणी करू नये. भूमिहीनांच्या जुन्या कसवणुकीचा प्रश्न निराळा असून १९९१ सालच्या शासननिर्णयाने त्यांपैकी कित्येकांस नियमित करण्याचे ठरविले. ज्यांच्या खात्यावर पंधरा-वीस एकर असून ज्यांनी बांधालगतचे गायरान आपल्या रानात ओढले, त्यांनी आधी मागे सरावे. मोठ्याने उदाहरण घातल्यावाचून लहानास उपदेश करण्यात अर्थ नाही, आणि तसा उपदेश कोणी ऐकतही नाही.

दुसरा आक्षेप अधिक न्याय्य आहे. ओढ्याकाठचा पट्टा सोडावा लागेल तो चार-सहा खातेदारांस. माथ्याची नांगरट बंद करावी लागेल ती आणखी दहांस. लाभ सर्व गावाचा आणि तोटा थोड्यांचा, हे कसे? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि ह्याची तड लागल्यावाचून कोणतीही आखणी टिकणार नाही. ज्याची स्वतःच्या मालकीची जमीन ह्या कामी गुंतेल, त्यास गावाने भरपाई दिली पाहिजे. गायरानातील गवताच्या लिलावातून एक निधी उभारता येईल. त्यातून दरसाल ठरीव रक्कम द्यावी, किंवा चाऱ्याचा व सामाईक पाण्याचा वाटा त्यास अधिक द्यावा, किंवा पट्ट्यातील बांबू व फळे ह्यांचे उत्पन्न त्याच्याकडेच ठेवावे. मार्ग अनेक आहेत. फडपद्धती शतके टिकली, ती तिने तोटा वाटून घेतला म्हणून, हे विसरू नये.

तिसरा आक्षेप असा की, हिवरे बाजारास खंबीर पुढारी मिळाला, तसा आमच्या गावास कोठून मिळणार? पुढारी मिळाला तर उत्तमच. परंतु पांझरेच्या फडांचा कोणी एक पुढारी नव्हता. तेथे नियम होता, आणि नियमाची आठवण देणारा पाटकरी होता. माणूस बदलतो; लिहिलेला नियम राहतो. म्हणून आम्ही नोंदीचा एवढा आग्रह धरतो.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते थोडक्यात सांगतो. वैशाखात, रान मोकळे असता, भूमि अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत आणून दहा-बारा जाणत्या खातेदारांनी, शेतात राबणाऱ्या बायामाणसांना व मेंढपाळांना बरोबर घेऊन, सर्व शिवार पायी फिरावे. पाणी कोठून येते व कोठे तुंबते, हे कागदापेक्षा त्यांस अधिक ठाऊक असते. त्या नकाशावर माथा, उतार, काळी, ओढे, जुनी तळी, गायरान, उपळट जागा व अरुंद मोऱ्या रंगाने दाखवाव्यात. गावात एक पर्जन्यमापक बसवावा. कारण मंडळाच्या ठिकाणी एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला की अतिवृष्टी धरली जाते, पण मंडळात पाऊस झाला आणि आपल्या गावात नाही, किंवा उलट, असे वारंवार घडते. पाच-सहा विहिरींच्या पाण्याची पातळी दरमहा मोजावी. मग दोन ग्रामसभा भरवाव्यात. मृगापूर्वीच्या सभेत जमिनीचा उपयोग व पाण्याच्या वाटा ठरवाव्यात; दसरा-दिवाळीच्या सुमाराच्या सभेत पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीचे क्षेत्र ठरवावे. ठराव सर्वांच्या सहीने लिहावा व रंगविलेला नकाशा चावडीत टांगावा. बिनशेतीची परवानगी कोणी मागितली किंवा नवा रस्ता निघाला, तर त्या नकाशाकडे बोट दाखवून ग्रामपंचायतीने आपले म्हणणे लेखी कळवावे. शेवटी, ओढा वरच्या गावातून येतो व खालच्या गावात जातो. म्हणून एका ओढ्यावरील तीन-चार गावांनी वर्षातून एकदा तरी एकत्र बसावे.

ह्या कामास फार पैसा लागत नाही. उसाची एक फेर कमी करण्याची, व बांधालगतचे आपले नसलेले तास सोडून देण्याची तयारी लागते. विमा व नुकसानभरपाई ह्यांची गरज राहीलच; परंतु भरपाई पिकाची मिळते, गेलेल्या मातीची बोटभर खोली परत येण्यास कित्येक पिढ्या लागतात. आमच्या वाचकांपैकी पाच-पंचवीस गावांनी जरी येत्या वैशाखात नकाशा हाती घेऊन शिवार पायाखाली घातले, आणि काय आढळले ते ह्या मासिकाकडे लिहून पाठविले, तरी पुढील चर्चेस भरीव आधार मिळेल. ज्या गावी पहिला तास स्वखुशीने सोडला जाईल, त्या गावचे वृत्त छापण्यास संपादकांनी जागा राखून ठेवावी, अशी आमची त्यांस विनंती आहे.